अंगणातील शाळा

ताराबाई मोडक यांचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. भावनगर येथे गिजुभाई बधेका लहान मुलांसाठी बालमंदिर चालवीत असत. १९२३ साली ताराबाई तेथे गेल्या आणि बालशिक्षण हेच त्यांचे जीवनकार्य झाले. इटलीच्या मारिया माँटेसरी यांची शिक्षणपद्धती त्यांनी आत्मसात केली. परंतु तिची साधने महाग होती. खेड्यातील गरिबांना ती कशी परवडणार?

१९४५ साली त्यांनी समुद्रकाठच्या बोर्डी गावी बालवाडी उघडली. अनुताई वाघ त्यांच्या साहाय्यास आल्या. शंखशिंपले, बिया आणि खडे हीच तेथील साधने बनली. तरीही गरीब वस्तीतील मुले येईनात. तेव्हा ताराबाईंनी शाळाच त्यांच्या अंगणात नेली. मुलांना स्वच्छ करावे, खेळवावे, गाणी शिकवावी, असा क्रम सुरू झाला. हीच अंगणवाडी!

१९५७ साली हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. आईबाप मजुरीस गेले, की थोरली मुले धाकट्या भावंडांना सांभाळीत घरी राहत. त्यांची शाळा बुडे. म्हणून तेथे पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकत्र आणली. धाकटे पाळणाघरात, थोरले वर्गात आणि आई निश्चिंत मनाने कामावर, असे झाले.

१९६२ साली ताराबाईंना पद्मभूषण मिळाले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्या निवर्तल्या. २ ऑक्टोबर १९७५ पासून भारत सरकारने बालविकासाची योजना देशात सुरू केली. तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळाले. आज कोळशाच्या खाणींजवळचे माजरी असो वा गडचिरोलीच्या अरण्यातील खेडे, हा शब्द सर्वांच्या तोंडी आहे.