रमाबाई रानडे

मुलांनो, आपल्या छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात तुम्ही कधी गेला आहात का? तेथे शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांची नाडी पाहणाऱ्या, ताप मोजणाऱ्या, जखमेची पट्टी बदलणाऱ्या परिचारिका दिसतात. त्यांपैकी काही अजून शिकत असतात. महाराष्ट्रात मुलींसाठी ही वाट मोकळी करणाऱ्यांपैकी एक म्हणजे रमाबाई रानडे.

रमाबाईंचा जन्म १८६२ साली देवराष्ट्रे या गावी झाला. अकराव्या वर्षी त्यांचे लग्न झाले, तेव्हा त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. पती महादेव गोविंद रानडे यांनी त्यांना शिकवले. घरातील बायकांचे टोमणे सोसून त्या शिकल्या. १९०१ साली रानडे वारले. दुःख गिळून रमाबाई इतर स्त्रियांसाठी उभ्या राहिल्या. १९०९ साली पुण्यात सेवासदनचे काम सुरू झाले.

त्या काळी परक्या रुग्णाला हात लावणे, त्याची जखम धुणे हे काम लोक हलके मानत. रमाबाईंनी लोकांची समजूत घातली. सेवासदनच्या विद्यार्थिनी ससून रुग्णालयात परिचर्या शिकू लागल्या. त्यांत विधवाही होत्या. त्यांना हक्काची भाकरी मिळाली आणि रुग्णांना मायेचा हात मिळाला.

१९२४ साली रमाबाई वारल्या. मुलांनो, डॉक्टर शस्त्रक्रिया करतात, पण नंतरची रात्र रुग्णाजवळ परिचारिकाच जागते. तिच्या कामाचा मान राखा.