बाबूराव पेंटर

बाबूराव कृष्णराव मेस्त्री ऊर्फ बाबूराव पेंटर (३ जून १८९० – १६ जानेवारी १९५४) हे मराठी चित्रकार, शिल्पकार आणि मूकपटकाळातील अग्रगण्य चित्रपट दिग्दर्शक होते. कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचे ते संस्थापक. 'सैरंध्री' (१९२०), 'सिंहगड' (१९२३) आणि 'सावकारी पाश' (१९२५) हे त्यांचे विशेष गाजलेले चित्रपट होत. यांपैकी शेवटच्या दोन चित्रपटांना मराठी कादंबरीकारांच्या लेखनाचा आधार होता. मराठी साहित्य आणि चित्रपट यांचे नाते जोडणाऱ्या पहिल्या कलावंतांमध्ये त्यामुळे त्यांची गणना होते. त्यांना आदराने 'कलामहर्षी' असे संबोधले जाते.

जडणघडण

बाबूरावांचा जन्म कोल्हापूर येथे कारागिरांच्या घराण्यात झाला. कोणत्याही कलाशाळेत न जाता ते चित्रकला व शिल्पकला स्वतःच शिकले. आतेमामे-चुलत नात्यातले बंधू आनंदराव मेस्त्री हे त्यांचे सहकारी आणि एका अर्थाने गुरूही होते. त्या काळी संगीत नाटक ऐन भरात होते. केशवराव भोसले यांच्या ललितकलादर्शसारख्या नाटक मंडळ्यांसाठी या दोघा भावांनी रंगविलेले पडदे इतके लोकप्रिय झाले की 'पेंटर' हे व्यवसायाचे नाव बाबूरावांना आडनावासारखेच चिकटले.

१९१३ साली दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' प्रदर्शित झाला. त्याच्या प्रभावाने दोघांनी चित्रपट काढण्याचे ठरविले, परंतु कॅमेरा मिळणे ही मोठी अडचण होती. परदेशी यंत्र विकत घेण्याइतका पैसा हाती नव्हता. तेव्हा कॅमेरा स्वतःच बनवायचा, असा निश्चय करून आनंदरावांनी खटपट सुरू केली. हे काम पुरे होण्याआधीच १९१६ मध्ये त्यांचे निधन झाले. बाबूरावांनी विष्णुपंत दामले यांच्या साहाय्याने ते पुढे चालविले आणि १९१८ च्या सुमारास कॅमेरा सिद्ध केला. देशी बनावटीच्या पहिल्या चित्रपट-कॅमेऱ्यांमध्ये त्याचा समावेश होतो.

महाराष्ट्र फिल्म कंपनी

यंत्र तयार झाले तरी भांडवलाचा प्रश्न उरला होता. तो सोडविण्यास गायिका तानीबाई कागलकर पुढे आल्या. उस्ताद अल्लादियाखाँ यांच्या शिष्या असलेल्या तानीबाईंनी केलेल्या अर्थसाहाय्यावर कंपनी उभी राहिली. छत्रपती शाहू महाराजांचाही तिला आश्रय लाभला. दामले, शेख फत्तेलाल, व्यवस्थापक बाबूराव पेंढारकर आणि पुढे त्यांच्यामार्फत आलेले तरुण शांताराम वणकुद्रे अशी मंडळी येथे एकत्र आली. सुतारकाम, रंगकाम, रासायनिक प्रक्रिया, अभिनय यांपैकी कोणतेही काम कोणासही करावे लागे. मराठी चित्रपटाची पहिली शाळा हीच, असे म्हटल्यास ते वावगे ठरू नये.

'सैरंध्री' ७ फेब्रुवारी १९२० रोजी पुण्याच्या आर्यन सिनेमात प्रदर्शित झाला. स्त्रीभूमिकांसाठी पेंटरांनी पुरुषांऐवजी गुलाबबाई (कमलादेवी) व अनसूयाबाई (सुशीलादेवी) यांना घेतले होते. चित्रपटात काम केल्याबद्दल समाजाने दोघींना वाळीत टाकले आणि त्यांना कंपनीच्या आवारातच राहावे लागले. कंपनीच्या यशाची ही किंमत सहसा सांगितली जात नाही. कीचकवधाचे दृश्य इतके हुबेहूब वठले होते की ते पुढे वगळावे लागले. लोकमान्य टिळकांनी पेंटरांना 'सिनेमा केसरी' ही पदवी दिली. त्यानंतर काही महिन्यांतच टिळकांचे निधन झाले.

कादंबरीतून पडद्यावर

पुराणकथा प्रेक्षकांना आधीपासूनच ठाऊक असते, त्यामुळे मूकपटात ती सांगणे तुलनेने सोपे असते. कादंबरीचे तसे नाही. तिचा प्राण संवादांत, वर्णनांत आणि पात्रांच्या मनोव्यापारांत असतो, तर मूकपटाजवळ शब्दांसाठी मधूनमधून झळकणाऱ्या पाट्यांपलीकडे काही नसते. १९२३ च्या 'सिंहगड'साठी पेंटरांनी हरी नारायण आपटे यांची 'गड आला पण सिंह गेला' ही कादंबरी निवडली, तेव्हा हरिभाऊंना जाऊन चार वर्षे झाली होती. १६७० मधील तानाजी मालुसऱ्यांच्या पराक्रमाला कादंबरीकाराने राजपूत कमलकुमारीच्या उपकथानकाची जोड दिली आहे. बाळासाहेब यादव, कमलादेवी आणि शांताराम यांच्यासह स्वतः पेंटरही या चित्रपटात पडद्यावर दिसले.

या चित्रपटात रात्रीच्या प्रसंगांसाठी कृत्रिम प्रकाशाचा वापर करण्यात आला. सूर्यप्रकाशावर सर्वस्वी अवलंबून असलेल्या भारतीय चित्रपटात हा प्रयोग नवा होता. अंधारात कडा चढून जाण्याच्या प्रसंगाला त्यामुळे कादंबरीतल्या वर्णनाची जागा घेता आली. 'सिंहगड'ला लोटलेली गर्दी पाहूनच मुंबई सरकारला करमणूक कर सुचला, अशी आख्यायिका आहे. मुंबई प्रांतात हा कर १९२३ मध्येच लागू झाला, एवढे मात्र खरे.

'सावकारी पाश' हा याहून वेगळ्या वाटेचा चित्रपट. त्याची कथा नारायण हरी आपटे (१८८९–१९७१) यांची. नावांच्या उलटापालटीमुळे तिचे श्रेय अनेकदा हरिभाऊंना दिले जाते, परंतु हे दोन निराळे लेखक होत. सावकाराच्या कपटाने जमीन गमावलेला शेतकरी शहरात जाऊन गिरणी कामगार होतो, एवढेच या चित्रपटाचे कथानक. शेतकऱ्याची भूमिका शांताराम यांनी केली होती. राजेरजवाडे नाहीत, देव नाहीत, चमत्कार नाहीत. अमेरिकेत १९२४ मध्ये एरिक फॉन स्ट्रोहाइम यांनी फ्रँक नॉरिस यांच्या 'मॅकटीग' या कादंबरीवरून 'ग्रीड' काढला होता आणि पैशाच्या लोभाने होणारी माणसाची दुर्दशा तितक्याच रोखठोकपणे दाखविली होती. दोन्ही चित्रपटांना तत्कालीन प्रेक्षकांनी पाठ दाखविली, हे साम्य लक्षणीय आहे. निर्माते जे. बी. एच. वाडिया यांच्या मनावर मात्र 'सावकारी पाश'मधील एक दृश्य कायमचे कोरले गेले: दूरवर दिसणारी उदास झोपडी आणि तिच्याजवळ विव्हळणारे कुत्रे. चित्रपटाच्या अपयशानंतर पेंटर पुन्हा पौराणिक व ऐतिहासिक विषयांकडे वळले. ही माघार मराठी चित्रपटाला महाग पडली असे मानण्यास जागा आहे.

कार्यपद्धती

पेंटर चित्रीकरणापूर्वी पात्रांची वेशभूषा, हालचाली आणि प्रसंगांची मांडणी यांची रेखाटने स्वतः करीत. ज्यांनी आयुष्याची उमेदीची वर्षे रंगीत पडदे रंगविण्यात घालविली, त्यांनीच चित्रपटातून रंगीत पडदा हद्दपार केला आणि त्याच्या जागी घनाकार नेपथ्य उभारले. चित्रपटांची भित्तिपत्रकेही ते स्वतः रंगवीत. 'कल्याण खजिना' (१९२४) या चित्रपटाला लंडनच्या वेम्ब्ली प्रदर्शनात पदक मिळाले.

उत्तरायुष्य

शांताराम व केशवराव धायबर यांनी १९२७ मध्ये कंपनीसाठी 'नेताजी पालकर' दिग्दर्शित केला. दोनच वर्षांनी, १ जून १९२९ रोजी, शांताराम, दामले, फत्तेलाल आणि धायबर यांनी सीताराम कुलकर्णी यांच्या साथीने प्रभात फिल्म कंपनी स्थापन केली. हाताखाली तयार झालेली माणसे एकाच वेळी निघून गेल्याने महाराष्ट्र फिल्म कंपनी खिळखिळी झाली आणि काही वर्षांतच बंद पडली. बोलपटाच्या युगात पेंटर फारसे रमले नाहीत. तरीही 'उषा' (१९३५) आणि 'प्रतिभा' (१९३७) हे बोलपट त्यांनी दिग्दर्शित केले. या दोहोंच्या मध्ये, १९३६ मध्ये, त्यांनी 'सावकारी पाश'ची पुनर्निर्मितीही केली. अकरा वर्षांपूर्वी लोकांनी नाकारलेली कथा पुन्हा हाती घेणारा हा दिग्दर्शक तिच्याविषयी किती आग्रही होता, हे त्यावरून दिसते.

नारायण हरी आपट्यांच्या लेखनाकडे प्रभातनेही लक्ष दिले. त्यांच्या 'भाग्यश्री' कादंबरीवर 'अमृतमंथन' (१९३४) आणि 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवर 'कुंकू' (१९३७) हे चित्रपट निघाले. दोन्हींचे दिग्दर्शक 'सावकारी पाश'मधील तो तरुण शेतकरी, म्हणजे व्ही. शांताराम, होते.

बाबूराव पेंटर यांचे १६ जानेवारी १९५४ रोजी कोल्हापूर येथे निधन झाले. त्यांच्या मूकपटांपैकी बहुतेक काळाच्या ओघात नष्ट झाले असून १९२५ चा 'सावकारी पाश' आज केवळ तत्कालीन प्रेक्षकांच्या आठवणींतून ज्ञात आहे.