खडकावरचे ओरखडे वाचणारा

चंद्रपूरजवळ इरई गावाच्या परिसरात चुनखडकावर समांतर ओरखडे आहेत. सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वी सरकत्या बर्फाने ते उमटवले, असे भूवैज्ञानिक सांगतात. विदर्भातल्या उन्हात हे ऐकून कुणाला हसू फुटेल! पण असे ओरखडे वाचायची सवय जगाला लावली ती लुई आगासीने. या माणसाविषयी माझे मन मात्र आजही दुभंगलेले आहे.

आगासीचा जन्म १८०७ सालचा, स्वित्झर्लंडमधल्या मोतिए गावी, एका पाद्र्याच्या घरी. शिकला वैद्यकी, नाव काढले जीवाश्म माशांच्या अभ्यासात आणि पंचविशीत न्यूशातेलला प्राध्यापक झाला. बेक्स येथील मिठाच्या खाणींचा संचालक ज्याँ द शार्पांतिए म्हणत असे की, दऱ्यांत विखुरलेले परक्या जातीचे प्रचंड धोंडे पुराने नव्हे, तर जुन्या हिमनद्यांनी आणून टाकले आहेत. त्याला हे पटवले वेनेट्झ या इंजिनिअरने आणि त्याही आधी कानावर घातले पेरोदँ नावाच्या डोंगरी शिकाऱ्याने. आगासीला ही कल्पना खुळचट वाटे. १८३६ च्या उन्हाळ्यात तो बेक्सला गेला आणि परतला तो कट्टर अनुयायी होऊन.

२४ जुलै १८३७ रोजी न्यूशातेलच्या विज्ञानसभेत लोक माशांवरचे भाषण ऐकायला जमले होते. अध्यक्ष आगासीने त्यांना हिमयुग ऐकवले. सभा खवळली. हुंबोल्टसारख्या हितचिंतकानेही माशांकडे परत फिरण्याचा सल्ला दिला. ‘हिमयुग’ हा शब्द होता मित्र कार्ल शिंपरचा. १८४० साली आगासीचा ग्रंथ आला, शार्पांतिएचा त्यानंतर. दोघेही दुखावले, आणि माझ्या मते त्यांचे दुखावणे रास्त होते.

तरी एक मान्य करावे लागते. बाकीचे बोलत होते, तेव्हा हा गडी बर्फावर राहायला गेला. उंटरआर हिमनदीवर एका धोंड्याच्या आडोशाला त्याने बिऱ्हाड थाटले. १८२७ साली हुगीने तिथे बांधलेली झोपडी चार हजार फुटांहून अधिक खाली सरकलेली त्याला आढळली. हिमनदी वाहते याचा याहून बोलका पुरावा कोणता! १८४१ मध्ये तर दोराला बांधून घेऊन तो बर्फातल्या विहिरीत उतरला आणि गोठत्या पाण्यात बुडता बुडता वाचला.

जवळच्या ग्रिम्सेल घाटातला ग्रॅनाइट बर्फाने घासून गुळगुळीत केलेला आहे. तो कधी उघडा पडला, हे आगासीला सांगता येणे शक्य नव्हते. आज येते. अवकाशातून येणारे किरण खडकातल्या गारेवर आदळले की बेरिलियम-१० चे मोजके अणू तयार होतात. वर बर्फाचा जाड थर असेपर्यंत हे घड्याळ जवळजवळ बंद असते. बर्फ हटला की सुरू होते. मात्र बर्फाने आधीचा थर पुरेसा खरवडून काढलेला हवा, नाहीतर जुने अणू शिल्लक राहतात आणि वय फसवे निघते. गार वेगळी करून हे अणू त्वरकयंत्राने मोजले, तेव्हा ग्रिम्सेलचा खडक सुमारे ११ ते १४ हजार वर्षांपूर्वी उघडा पडू लागल्याचे दिसले.

१८४६ मध्ये आगासी अमेरिकेला गेला. पत्नी सेसील त्याआधीच घर सोडून गेली होती. १८४८ मध्ये ती वारली. हार्वर्डला त्याने नावाजलेले संग्रहालय उभारले. पण खडकाचा पुरावा पाहून मत बदलणारा हा माणूस डार्विनपुढे अखेरपर्यंत अडून बसला. त्याहून वाईट म्हणजे, मानववंश वेगवेगळे निर्माण झाले आणि गोरा वंश श्रेष्ठ, असे तो विज्ञानाच्या नावाने सांगत राहिला. १८५० मध्ये गुलामांना विवस्त्र उभे करून त्याच्यासाठी छायाचित्रे काढली गेली. हे वाचल्यावर त्या धाडसी विहीर-उतरणीचे कौतुक माझ्या घशात अडकते. न्यूशातेलनेही २०१८ मध्ये विद्यापीठाजवळच्या चौकाचे त्याचे नाव काढण्याचा निर्णय घेतला. ते दिले तिलो फ्राय या कृष्णवर्णीय महिला लोकप्रतिनिधीला.

१८७३ च्या डिसेंबरात तो केंब्रिजला वारला. माउंट ऑबर्नमधल्या त्याच्या थडग्यावर आर हिमनदीवरून समुद्रापार आणलेला एक धोंडा उभा आहे.