जॉन ॲडम्स : कालच्या राजासमोर उभा राहिलेला वकील

समरांगण गाजविणाऱ्या वीरांची चरित्रे आपल्या घराघरांतून आवडीने वाचली जातात. परंतु युद्ध संपल्यावर कालच्या धन्याच्या दारी जाऊन त्याच्याशी बरोबरीच्या नात्याने बोलणी करण्याचे अवघड काम ज्यांनी केले, त्यांची आठवण सहसा कोणी काढीत नाही. म्हणूनच यंदाच्या स्मरणिकेसाठी आम्ही अमेरिकेच्या जॉन ॲडम्स यांचे चरित्र निवडले आहे. ते अमेरिकेचे दुसरे अध्यक्ष म्हणून प्रसिद्ध आहेत. तथापि आम्हांस येथे मुख्यतः सांगावयाचे आहे ते १७८५ ते १७८८ या काळातील त्यांच्या लंडनच्या वकिलातीविषयी.

ॲडम्स यांचा जन्म ३० ऑक्टोबर १७३५ रोजी मॅसॅच्युसेट्स प्रांतातील ब्रेनट्री या गावी झाला. वडील शेतकरी होते व जोडीला जोडे शिवण्याचा धंदा करीत. जो धंदा आपल्याकडे हलका लेखण्याचे पाप पिढ्यान्‌पिढ्या घडले, तो करणारा हा गृहस्थ आपल्या गावच्या कारभारात आणि चर्चमध्ये मानाच्या जागी होता, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे. मुलाने शिकावे हा त्यांचा ध्यास. त्याप्रमाणे जॉन १७५५ साली हार्वर्डचे पदवीधर झाले आणि वूस्टर येथे शाळामास्तर म्हणून राहिले. आमची सारी हयात खडू-फळ्यात गेली असल्याने हा भाग आम्ही विशेष उत्सुकतेने वाचला; परंतु खरे सांगावयाचे तर त्यांचे मन शाळेत फारसे रमले नाही. दिवसा मुलांना शिकवून उरलेल्या वेळात त्यांनी कायद्याचा अभ्यास केला व १७५८ साली वकिली सुरू केली. १७६४ मध्ये त्यांचा अ‍ॅबिगेल स्मिथ यांच्याशी विवाह झाला. या साध्वीने शाळेचे तोंडही पाहिले नव्हते. तरी घरीच वाचून ती अशी बहुश्रुत झाली की, तिची पत्रे आजही त्या काळाचा अस्सल पुरावा म्हणून वाचली जातात.

त्यांच्या स्वभावाची पहिली कसोटी १७७० साली लागली. ५ मार्च रोजी बोस्टन शहरात इंग्रज शिपायांनी जमावावर गोळीबार केला व त्यात पाच माणसे दगावली. लोक प्रक्षुब्ध झाले होते; आरोपी कॅप्टन व त्याच्या आठ शिपायांचे वकीलपत्र घेण्यास कोणी सहज धजेना. ॲडम्स स्वतः इंग्रजांच्या जुलमी करांचे विरोधक. तथापि न्यायासनासमोर प्रत्येकाची बाजू मांडली गेलीच पाहिजे, या तत्त्वासाठी लोकनिंदा पत्करून ते उभे राहिले. कॅप्टन व सहा शिपाई निर्दोष सुटले. दोघांना सदोष मनुष्यवधाबद्दल सौम्य शिक्षा झाली. आपल्या पक्षाचा रोष ओढवला तरी न्याय्य असेल तेच बोलावयाचे, हा त्यांचा बाणा पुढेही कायम राहिला.

पुढील दहा-बारा वर्षांत या पुरुषाने केलेले कार्य थोडक्यात सांगणे कठीण आहे. १७७५ साली जॉर्ज वॉशिंग्टन यांस सेनापती नेमावे ही सूचना काँग्रेसमध्ये त्यांनी मांडली. १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यासाठी नेमलेल्या पाच जणांच्या समितीत ते होते व सभागृहात त्या जाहीरनाम्याचा कैवार त्यांनीच हिरिरीने घेतला. नंतर समुद्रपार जाऊन १७८२ साली त्यांनी हॉलंडकडून आपल्या राष्ट्रास मान्यता मिळविली व तेथील सावकारांकडून पन्नास लाख गिल्डरचे कर्ज उभे केले. अखेर ३ सप्टेंबर १७८३ रोजी पॅरिस येथे इंग्लंडशी तह झाला. अमेरिकेतर्फे त्यावर सह्या करणारे तिघे म्हणजे ॲडम्स, बेंजामिन फ्रँकलिन व जॉन जे.

तह झाला म्हणजे मैत्री झाली असे नव्हे. फेब्रुवारी १७८५ मध्ये काँग्रेसने ॲडम्स यांना इंग्लंडच्या दरबारी आपले वकील नेमले. ज्या राजाविरुद्ध बंड केले, त्याच्याच समोर आता राजद्रोही प्रजाजन म्हणून नव्हे, तर परराष्ट्राचा प्रतिनिधी म्हणून जावयाचे होते! १ जून १७८५ रोजी परराष्ट्रमंत्री लॉर्ड कारमार्थेन यांनी त्यांना सेंट जेम्स राजवाड्यात नेले. रिवाजाप्रमाणे ॲडम्स यांनी दारात एक, मध्यावर दुसरा व राजासमोर तिसरा असे तीन मुजरे केले. उभयतांमधील जुना सद्भाव पुन्हा नांदावा, अशा अर्थाचे थोडे शब्द ते बोलले. त्यांचा स्वर कापत होता. तिसरा जॉर्जही हेलावला होता. विभक्त होण्यास आपण सर्वांत शेवटी संमती दिली. परंतु ती गोष्ट झाल्यावर अमेरिकेच्या मैत्रीचे स्वागत करण्यास आपण सर्वांत प्रथम पुढे येऊ, अशा आशयाचे उत्तर त्याने दिले. मग, तुम्हांस फ्रेंचांचे फारसे प्रेम नाही असे ऐकतो, असे त्याने हसत सुचविले. त्यावर, आपणांस आपल्या देशावाचून दुसऱ्या कोणाचेही प्रेम नाही, असे ॲडम्स यांनी नम्रपणे परंतु ठामपणे कळविले. त्या राजवाड्यात एवढे बोलावयास छाती लागते.

दरबार झाला, पण काम होईना. तहाप्रमाणे इंग्रजांनी आपले सैन्य शक्य तितक्या लवकर काढून घ्यावयाचे होते. तरी नायगारा, ऑस्विगो, डेट्रॉइट इत्यादी ठाणी त्यांनी सोडली नाहीत. वेस्ट इंडीज बेटांचा व्यापार १७८३ च्या हुकुमाने अमेरिकन जहाजांस बंद केलेला होता. लंडनची वृत्तपत्रे या नव्या वकिलाची टवाळी करीत. त्यातच काँग्रेसने वकिलांचे वेतन कमी केले होते. ग्रोव्हनर चौकातील बिऱ्हाडाचा खर्च भागविताना अ‍ॅबिगेलबाईंना काटकसरीची शिकस्त करावी लागे. सर्वांत बोचणारी गोष्ट म्हणजे इंग्लंडने अमेरिकेत आपला वकील पाठविलाच नाही. तो १७९१ साली गेला. याच सुमारास, १७८६ साली, पुण्यास पेशव्यांच्या दरबारी इंग्रजांचा वकील मॅलेट येऊन दाखल झाला होता, आणि १७८१ साली यॉर्कटाऊन येथे अमेरिकनांना शरण गेलेला कॉर्नवॉलिस त्याच वर्षी गव्हर्नर जनरल होऊन हिंदुस्थानात आला होता. अमेरिकेत गमावलेले इंग्रज येथे कमावू पाहत होते, हे त्या वेळी आपल्याकडे कितीजणांनी ओळखले असेल?

३० नोव्हेंबर १७८५ रोजी ॲडम्स यांनी ठाणी सोडण्याची लेखी मागणी केली. उत्तर फेब्रुवारी १७८६ च्या अखेरीस आले. इंग्रज सावकारांची जुनी कर्जे वसूल होण्यास अडथळा येऊ नये, असे तहाचे चौथे कलम होते. आणि कित्येक अमेरिकन राज्यांनी त्याविरुद्ध कायदे केले होते. तुम्ही तुमचे कलम पाळा, मग आम्ही आमचे पाळू, असा त्या उत्तराचा मथितार्थ.

येथे सामान्य वकील संतापला असता व प्रतिपक्षाच्या लबाडीवर चार कागद अधिक लिहून मोकळा झाला असता. लबाडी होतीही. परंतु ॲडम्स यांनी उत्तर तपासले व त्यातील आरोप खरा आहे हे ओळखले. त्यांनी मायदेशी लिहून कळविले की, हे कायदे प्रथम रद्द करा. त्यावाचून आपणांस दुसऱ्याकडे बोट दाखविता येणार नाही. परराष्ट्रखाते सांभाळणारे जॉन जे यांनीही चौकशी करून तेच मत काँग्रेसपुढे ठेवले व १७८७ साली काँग्रेसने राज्यांस तसे आवाहन केले. मात्र राज्यांवर सक्ती करण्याची सत्ता तिला नव्हती. आपसांत एकवाक्यता नसलेल्या राष्ट्राचा शब्द परक्या दरबारात हलका पडतो, हा कटू अनुभव ॲडम्स यांनी लंडनमध्ये रोज घेतला. याच वर्षी अमेरिकेची नवी राज्यघटना तयार झाली, त्यास जी कारणे झाली त्यांत हेही एक होते.

फेब्रुवारी १७८८ मध्ये राजाचा निरोप घेऊन ते परतले, तेव्हा हातात एकही व्यापारी करार नव्हता. लौकिकदृष्ट्या ही वकिलात अयशस्वीच म्हणावी लागेल. आम्ही मात्र तसे म्हणावयास तयार नाही. जे यांनी १७९४ साली लंडनमध्ये करार केला आणि १७९६ साली ती ठाणी इंग्रजांनी सोडली. ॲडम्स यांनी आखलेली भिंतच त्यांनी पुरी केली, असे आम्हांस वाटते.

पुढे ॲडम्स आठ वर्षे उपाध्यक्ष व १७९७ ते १८०१ अध्यक्ष होते. फ्रान्सशी युद्ध पेटावे असे स्वपक्षीयांना वाटत असता त्यांनी १८०० साली समेट केला; दुसऱ्या वेळची निवडणूक ते हरले, पण देश युद्धातून वाचला. त्यांचे पुत्र जॉन क्विन्सी व नातू चार्ल्स फ्रान्सिस हेही पुढे लंडन येथे अमेरिकेचे वकील झाले. जोडे शिवणाऱ्याच्या घराने तीन पिढ्या हे पद भूषविले! स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यास पन्नास वर्षे पुरी झाली त्याच दिवशी, ४ जुलै १८२६ रोजी, वयाच्या ९० व्या वर्षी ॲडम्स यांनी देह ठेवला.

आमच्या तरुण ज्ञातिबांधवांनी व भगिनींनी या चरित्रातून एवढेच घ्यावे. ज्यांनी आपणांस कमी लेखले, त्यांच्यासमोर उभे राहण्याचा प्रसंग प्रत्येकास येतो. तेथे लाचारीने वाकू नये व उर्मटपणाही करू नये. आणि मान ताठ ठेवावयाची तर आपली देणी आधी फेडलेली असावीत. मग ती सावकाराची असोत, की शिक्षणासाठी ज्ञातीच्या निधीतून घेतलेली असोत. शब्द पाळणाऱ्यालाच दुसऱ्याला त्याच्या शब्दाची आठवण देता येते. ज्ञातीची उन्नती ठरावांनी होत नाही, ती अशा माणसांनी होते, असे आमचे नम्र मत आहे.