हाइनरिख हर्ट्झ : लहरी मोजणारा शास्त्रज्ञ

वायफायच्या किंवा बिनतारी माऊसच्या खोक्यावर '२.४ गिगाहर्ट्झ' असे छापलेले आपण पाहतो. म्हणजे सेकंदाला २४० कोटी कंपने. या एककाला ज्यांचे नाव दिले, त्या हाइनरिख हर्ट्झ यांची आज आपण ओळख करून घेऊ या.

हर्ट्झ यांचा जन्म २२ फेब्रुवारी १८५७ रोजी जर्मनीतील हॅम्बुर्ग येथे झाला. वडील वकील होते. हाइनरिखना लहानपणीच सुतारकामाची व लेथची गोडी लागली. पुढे अभियांत्रिकी सोडून ते भौतिकशास्त्राकडे वळले. १८८० मध्ये बर्लिनला त्यांनी डॉक्टरेट मिळवली. हेल्महोल्ट्झ हे त्यांचे गुरू. १८८५ मध्ये ते कार्ल्सरूहे येथे प्राध्यापक झाले.

विद्युतचुंबकीय लहरी असल्या पाहिजेत, हे मॅक्सवेल यांनी गणिताने दाखवले होते. प्रयोगाने ते सिद्ध व्हायचे होते. हर्ट्झ यांनी १८८६ ते १८८८ या काळात ते केले. एका बाजूला विजेची ठिणगी पाडायची आणि दूर धरलेल्या तारेच्या कड्याच्या बारीक फटीत अंधारात उमटणारी इवलीशी ठिणगी पाहायची! भिंतीवरील जस्ताच्या पत्र्याने लहरी परतवून, ठिणगी कोठे वाढते आणि कोठे मावळते हे पाहत त्यांनी लहरींची लांबी मोजली.

आजही बिनतारी उपकरणांची तपासणी याच वाटेने होते. उपकरण फिरत्या मेजावर ठेवतात आणि ठरावीक अंतरावरील अँटेनाने त्यातून किती लहरी बाहेर पडतात ते मोजतात. परतणाऱ्या लहरींनी माप चुकू नये म्हणून भिंतींना लहरी शोषणारे सुळके लावतात. हर्ट्झ यांची ठिणगी अनेक कंप्रतांवर पसरत असे; तेव्हा रेडिओच नसल्याने कोणाला त्रास नव्हता. आता घरोघरी बिनतारी उपकरणे आहेत. एकाने दुसऱ्याच्या कामात अडथळा आणू नये, म्हणून मर्यादा लागतात. भारतात २००५ मध्ये २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा विनापरवाना वापरास खुला झाला, तोही प्रक्षेपकाची शक्ती १ वॅटपर्यंतच ठेवून.

१ जानेवारी १८९४ रोजी, दीर्घ आजारानंतर, बॉन येथे हर्ट्झ यांचे निधन झाले. वय अवघे ३६! १९३० मध्ये कंप्रतेच्या एककाला त्यांचे नाव मिळाले. रेडिओ त्यांना पाहता आला नाही. पण डोळ्यांत तेल घालून घेतलेली त्यांची मापे आजही आपल्या उपयोगी पडत आहेत. प्रयोगवहीत आकडा लिहिताना आपण त्यांची आठवण ठेवू या.