लाव्हराँ आणि रक्ताचा एक थेंब

थंडी वाजून ताप आला की गडचिरोलीतल्या गावांत आशाताई रुग्णाच्या बोटाला सुई टोचतात आणि रक्ताचा थेंब एका छोट्या किटवर घेतात. पंधरा-वीस मिनिटांत हा ताप मलेरियाचा आहे का, ते कळते. मलेरिया रक्तात शोधायचा असतो, हे आज आपल्याला उघड वाटते. पण ते सिद्ध करायला शार्ल लुई आल्फोन्स लाव्हराँ या फ्रेंच लष्करी डॉक्टरांना बरीच वर्षे झगडावे लागले.

लाव्हराँ यांचा जन्म १८ जून १८४५ रोजी पॅरिसमध्ये झाला. वडीलही लष्करात डॉक्टर होते. स्ट्रासबर्गला शिक्षण घेऊन १८६७ मध्ये ते पदवीधर झाले, पुढे लष्करात गेले आणि १८७८ मध्ये त्यांची नेमणूक अल्जीरियात झाली. तिथली रुग्णालये तापाच्या सैनिकांनी भरलेली असत. त्या काळी दलदलीतली दूषित हवा या तापाला कारणीभूत मानली जाई. मलेरिया या नावाचा अर्थही खराब हवा असाच आहे. १८७९ मध्ये दोन संशोधकांनी रोमजवळच्या दलदलीतल्या मातीत एक जिवाणू सापडल्याचे सांगितले आणि अनेकांना ते पटलेही.

लाव्हराँ मात्र मातीकडे नव्हे, रुग्णाकडे पाहत होते. मलेरियाने दगावलेल्यांच्या शरीरात काळसर कण सापडतात, हे आधीपासून माहीत होते. ते येतात कुठून, हा त्यांचा प्रश्न होता. ६ नोव्हेंबर १८८० रोजी कॉन्स्टंटाईन शहरातल्या लष्करी रुग्णालयात एका २४ वर्षांच्या सैनिकाचे ताजे रक्त ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहत होते. काळे कण असलेल्या एका गोल आकृतीला धाग्यासारखे शेपटे फुटले होते आणि ते जोरात वळवळत होते. म्हणजे हे कण एका जिवंत जीवाच्या पोटातले होते! (ही वळवळ रक्त शरीराबाहेर येऊन थंड झाल्यावर काही मिनिटांनी सुरू होते. घाईने पाहून काच बाजूला ठेवली असती, तर ती दिसलीच नसती.)

त्यांनी १९२ रुग्ण तपासले. १४८ जणांच्या रक्तात हे परजीवी आढळले. क्विनीन दिल्यावर ते नाहीसे होत. तरीही जाणकारांना ते रक्तपेशींचेच बिघडलेले रूप वाटे. भारतात काम करणाऱ्या रोनाल्ड रॉस यांचाही आधी विश्वास नव्हता. १८९४ मध्ये लंडनला पॅट्रिक मॅन्सन यांनी ते जंतू दाखवले, तेव्हा कुठे त्यांची खात्री पटली. तीनच वर्षांनी रॉस यांनी सिकंदराबादला डासाच्या पोटात परजीवी शोधला.

लष्कर सोडून लाव्हराँ पाश्चर संस्थेत आले. १९०७ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी संस्थेतल्या उष्ण कटिबंधीय रोगांच्या प्रयोगशाळेला दिली. १८ मे १९२२ रोजी त्यांचे निधन झाले.

आजचे किट त्याच परजीवीला शोधते, पण तो डोळ्यांना न दिसता. किटवर टाकलेल्या द्रावणाने रक्तपेशी फुटतात आणि परजीवीची प्रथिने मोकळी होतात. सोन्याचे अतिसूक्ष्म कण चिकटवलेली प्रतिपिंडे त्यांना पकडून आतल्या पट्टीवरून पुढे वाहतात. पट्टीवर एका रेषेत पक्की बसवलेली दुसरी प्रतिपिंडे या जोडीला अडवतात. कण साचतात आणि लालसर रेघ उमटते. फाल्सिपेरम या घातक जातीसाठी बहुतेक किट एचआरपी-२ हे प्रथिन शोधतात. पट्टी नीट चालली, हे वेगळी नियंत्रण रेघ सांगते. ती उमटली नाही, तर चाचणी बाद.

या पट्टीच्या मर्यादाही आहेत. परजीवी मेल्यानंतरही एचआरपी-२ काही आठवडे रक्तात राहते, त्यामुळे रुग्ण बरा झाला का, हे तिच्यावरून ठरत नाही. उलट काही परजीवींनी या प्रथिनाचे जनुकच गमावले आहे. पेरूमध्ये असे परजीवी २०१० मध्ये नोंदवले गेले, नंतर आफ्रिकेतही. असा परजीवी अंगात असला, तर केवळ एचआरपी-२ शोधणारे किट कोरे राहते आणि आजारी माणूस औषधाविना घरी जाऊ शकतो. म्हणून लक्षणे मलेरियाचीच वाटत असतील, तर किट कोरे आले तरी रक्ताचा थेंब काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात.