राऊटरच्या खोक्यावर नाव असलेला हर्ट्झ: वाय-फाय कशाने अडतं हे १८८८ मध्येच शोधणारा माणूस

सोफ्यावर बसून मोबाईलवर व्हिडिओ मस्त चालतो. पण त्याच घरातल्या डेस्कटॉपवर मीटिंग सुरू केली की समोरच्याचा चेहरा गोठतो, आवाज तुटतो आणि मग सगळंच बंद पडतं. राऊटर बंद-चालू करून झाला, तक्रार नोंदवून झाली, माणूस येऊन स्पीड दाखवून गेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

आता राऊटरचं खोकं काढून बघा. त्यावर २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ असं छापलेलं असतं. त्यातलं हर्ट्झ हे एका माणसाचं आडनाव आहे. हाइनरिख हर्ट्झ. रेडिओ लहरी खरंच असतात हे त्यानेच प्रयोगाने सिद्ध केलं. त्या कशातून जातात, कशाला अडतात आणि खोलीत त्यांचे मृत कोपरे कसे तयार होतात, हेही त्याने सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी बघून ठेवलं. आपल्या डेस्कटॉपच्या दुखण्याचं निम्मं उत्तर त्याच्या प्रयोगांत आहे.

वकिलाचा मुलगा, हातात लेथ

हर्ट्झचा जन्म २२ फेब्रुवारी १८५७ रोजी जर्मनीतल्या हॅम्बुर्गमध्ये झाला. वडील वकील होते, पुढे शहराचे सिनेटर झाले. मुलगा भाषांमध्ये हुशार होता, इतका की अरबीही शिकला. पण त्याचा जीव रमायचा तो सुतारकामात आणि लेथवर. पुढे लागणारी बरीच उपकरणं त्याने स्वतःच्या हाताने बनवली, त्याचं मूळ इथे आहे.

आधी त्याने इंजिनीअर व्हायचं ठरवलं होतं. नंतर मन बदललं आणि तो भौतिकशास्त्राकडे वळला. म्युनिकहून १८७८ मध्ये बर्लिनला आला. तिथे हेल्महोल्ट्झ आणि किरखॉफ हे त्या काळातले दोन मोठे शास्त्रज्ञ शिकवत होते. १८८० मध्ये वयाच्या तेविसाव्या वर्षी त्याला डॉक्टरेट मिळाली आणि तो हेल्महोल्ट्झचा सहाय्यक झाला.

त्याआधीच, १८७९ मध्ये, एक महत्त्वाची गोष्ट घडली होती. ब्रिटिश शास्त्रज्ञ मॅक्सवेल यांनी १८६० च्या दशकात गणिताने दाखवलं होतं की विजेच्या आणि चुंबकत्वाच्या लहरी असू शकतात आणि त्या प्रकाशाच्याच वेगाने धावतील. पण तशी लहर कोणी पाहिली नव्हती. बर्लिनच्या अकादमीने मॅक्सवेलच्या सिद्धांताशी संबंधित एका प्रश्नावर बक्षीस जाहीर केलं. हर्ट्झने तो सोडवावा अशी हेल्महोल्ट्झची इच्छा होती. हर्ट्झने विचार केला आणि नकार दिला. हातातल्या साधनांनी ते जमणार नाही असा त्याचा हिशोब होता. मॅक्सवेल त्याच वर्षी वारले. आपलं गणित खरं ठरलेलं त्यांना बघायला मिळालं नाही.

एका ठिणगीने सुरुवात

कील इथे दोन वर्षं शिकवल्यावर १८८५ मध्ये हर्ट्झ कार्ल्सरूहच्या तंत्रमहाविद्यालयात प्राध्यापक झाला. पुढच्या वर्षी तिथल्याच एका सहकाऱ्याच्या मुलीशी, एलिझाबेथ डोलशी त्याचं लग्न झालं. त्याच वर्षी प्रयोगशाळेतल्या दोन कॉइल हाताळताना त्याला काहीतरी वेगळं दिसलं. एका कॉइलमध्ये वीज सोडली की तिला न जोडलेल्या दुसऱ्या कॉइलच्या फटीतही ठिणगी उडत होती. सात वर्षांपूर्वी बाजूला ठेवलेला प्रश्न सोडवायचं साधन सापडलं होतं.

त्याचा ट्रान्समीटर अगदी साधा होता. दोन तारा, त्यांच्या बाहेरच्या टोकांना ३० सेंटीमीटर व्यासाचे जस्ताचे गोळे आणि मधोमध एक छोटी फट. फटीत इंडक्शन कॉइलने ठिणगी पाडायची. रिसीव्हर म्हणजे तारेचं एक कडं, त्यातही बारीकशी फट. लांब ठेवलेल्या कड्यात ठिणगी उडाली की लहर पोचली. ही ठिणगी इतकी लहान असायची की अंधारातच दिसायची.

काळ्या खोक्याची गडबड

ठिणगी नीट दिसावी म्हणून हर्ट्झने रिसीव्हरची फट एका काळ्या खोक्यात बंद केली. झालं उलटंच. ठिणगी आणखी लहान झाली.

दुसरा एखादा चिडून खोकं काढून पुढे गेला असता. हर्ट्झ थांबला. त्याने खोक्याची एकेक बाजू काढून बघितली. बाकीच्या बाजूंनी काही फरक पडत नव्हता. फक्त ट्रान्समीटरच्या ठिणगीचा उजेड अडवणारी बाजू दोषी निघाली. मग त्या जागी त्याने एकामागून एक वस्तू धरल्या. काच पारदर्शक असूनही अडवत होती, क्वार्ट्झ अडवत नव्हता. अशा प्रकारे तो अतिनील प्रकाशापर्यंत पोचला. तो प्रकाश पडला की ठिणगी सहज उडत होती. १८८७ मध्ये त्याने हे निरीक्षण छापलं, कारण सांगायचा आव आणला नाही आणि तो परत आपल्या लहरींकडे वळला. हाच प्रकाशविद्युत परिणाम. त्याचं स्पष्टीकरण आइनस्टाइनने १९०५ मध्ये दिलं.

आपल्यासाठी यातला धडा साधा आहे. बिघाड शोधताना एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आपण काय करतो? राऊटर हलवतो, पासवर्ड बदलतो, ड्रायव्हर अपडेट करतो, सगळं एकाच संध्याकाळी. मग वाय-फाय सुधारलं तरी कशाने सुधारलं ते कळत नाही आणि बिघडलं तर आणखीच पंचाईत.

हॉलमधले मृत कोपरे

१८८८ मध्ये हर्ट्झने पंधरा मीटर लांब लेक्चर हॉलमध्ये प्रयोग मांडला. लटकणारे धातूचे गॅसपाइप आणि झुंबरं आधी काढून टाकली, कारण धातू लहरींना वेडंवाकडं करेल अशी त्याला शंका होती. एका भिंतीवर चार मीटर उंच आणि दोन मीटर रुंद जस्ताचा पत्रा लावला आणि समोर लांबवर ट्रान्समीटर ठेवला. लहर पत्र्यावर आपटून परत आली आणि येणाऱ्या लहरीत मिसळली. रिसीव्हर हातात घेऊन चालताना काही ठिकाणी ठिणगी जोरदार होती, तर काही ठिकाणी पूर्ण गायब. पुढे सरकलं की परत जोरदार. ट्रान्समीटर तोच, खोली तीच, फक्त जागा बदललेली.

तुमच्या घरात हेच होतं. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी साधारण साडेबारा सेंटीमीटर असते. त्यामुळे परतलेल्या लहरींनी तयार होणाऱ्या दोन मृत जागांमध्ये सहा-सव्वासहा सेंटीमीटरचंच अंतर असू शकतं. मोबाईल आपण सतत हलवत असतो, म्हणून तो त्यातून सुटतो. डेस्कटॉप जिथे ठेवला तिथेच वर्षानुवर्षं बसून राहतो. त्याचा अँटेना नेमका मृत जागेत आला तर बिचारा तिथेच अडकला. अँटेना चार बोटं सरकवल्यावर सिग्नल सुधारतो तो यामुळेच.

पत्रा अडवतो, दार नाही

पुढच्या टप्प्यात हर्ट्झने साधारण ६६ सेंटीमीटरच्या छोट्या लहरी तयार केल्या आणि जस्ताच्या वाकवलेल्या आरशांनी त्यांचा झोत केला. मग झोताच्या वाटेत वस्तू ठेवायला सुरुवात केली. जस्ताचा पत्रा मध्ये आला की ठिणगी बंद. पातळ वर्ख लावलेला कागदही तितकाच पक्का अडसर ठरला. मदतनीस झोतातून चालत गेला तर तेवढ्यापुरती ठिणगी विझली, तो बाजूला झाल्यावर परत आली. लाकडी दार मात्र लहरींना अडवत नव्हतं. दार लावलेल्या पलीकडच्या खोलीतही ठिणगी उडत होती.

डांबराचा एक अवजड प्रिझम करून त्याने लहरी काचेतल्या प्रकाशासारख्या वळवूनही दाखवल्या. रिसीव्हरचा आरसा आडवा केला की ठिणगी नाहीशी होते, म्हणजे लहरीला दिशा असते, हेही दाखवलं. मॅक्सवेलचं गणित आता सिद्ध झालं होतं.

आता आपला डेस्कटॉप बघा. लोखंडी कॅबिनेट, टेबलाखाली सारलेलं. अँटेना मागच्या बाजूला, भिंतीला टेकलेला. शेजारी लोखंडी कपाट, मध्ये खुर्चीवर बसलेले आपण. हर्ट्झने तपासलेला जवळपास प्रत्येक अडथळा आपण स्वतःच मांडून ठेवलेला असतो.

मग करायचं काय?

हर्ट्झच्या पद्धतीने, एकेक करत जा. प्रत्येक बदलानंतर तीच चाचणी दहा मिनिटं करा आणि निकाल लिहून ठेवा.

- आधी डेस्कटॉप राऊटरला केबलने जोडा. तरीही नेट तुटत असेल तर दोष बाहेरून येणाऱ्या लाइनचा किंवा राऊटरचा. केबलवर ठीक चालत असेल तर दोष वाय-फायचा.
- मोबाईल नेमका अँटेनाच्या जागी, म्हणजे कॅबिनेटच्या मागे धरून बघा. तिथे मोबाईलही रडत असेल तर जागा वाईट. मोबाईल ठीक असेल तर दोष कॉम्प्युटरमध्ये शोधा.
- वाय-फाय कार्डाच्या मागे अँटेना लावलेत का ते बघा. अनेकदा ते खोक्यातच राहतात. वायरवाला अँटेना मिळाला तर तो टेबलावर ठेवा.
- यूएसबी डोंगल असेल तर एक्स्टेन्शन केबलने पुढे आणा. यूएसबी ३ चे पोर्ट आणि हार्ड डिस्क २.४ गिगाहर्ट्झमध्ये गोंधळ घालतात.
- राऊटर जवळ असेल तर ५ गिगाहर्ट्झ वापरा. मध्ये भिंती जास्त असतील तर २.४ बरं. त्यात शेजाऱ्यांची गर्दी असेल तर चॅनल १, ६ किंवा ११ पैकी मोकळा निवडा.
- विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये वाय-फाय कार्डाची वीज वाचवण्यासाठी बंद होण्याची परवानगी काढून टाका. मग ड्रायव्हर बघा.

एवढं करूनही जमलं नाही तर कायमची केबल टाका. डेस्कटॉपला कुठे फिरायचं असतं?

खोलीने हर्ट्झलाही फसवलं

एवढी काळजी घेऊनही हर्ट्झचं एक मोजमाप चुकलं. तारेतून जाणारी लहर हवेतल्या लहरीपेक्षा हळू धावते असं त्याच्या आकड्यांवरून दिसत होतं. सिद्धांताप्रमाणे दोन्ही वेग सारखे यायला हवे होते. पुढे जिनिव्हात साराझाँ आणि द ला रिव्ह यांनी मोठ्या हॉलमध्ये प्रयोग केला, तेव्हा वेग सारखेच निघाले. हर्ट्झच्या खोलीतून परतणाऱ्या लहरींनी आकडा बिघडवला होता. त्याने ही चूक मोकळेपणाने मान्य केली.

या लहरींचा रोजच्या व्यवहारात उपयोग होईल असं मात्र त्याला वाटलं नव्हतं. एका इंजिनीअरने टेलिफोनसाठी त्या वापरता येतील का असं विचारलं, तेव्हा आवाजाच्या वारंवारतेच्या लहरींसाठी खंडाएवढे आरसे लागतील असा हिशोब त्याने मांडला. हिशोब बरोबर होता. फक्त वेगवान लहरीवर आवाज बसवून पाठवायची युक्ती अजून यायची होती.

१८८९ मध्ये तो बॉनला प्राध्यापक झाला. १८९२ पासून आजारपण मागे लागलं, शस्त्रक्रिया झाल्या, पण गुण आला नाही. १ जानेवारी १८९४ रोजी तो गेला. वय अवघं ३६. मागे एलिझाबेथ आणि योहाना, मथिल्डे या दोन लहान मुली. त्यानंतरच्या काही वर्षांत मार्कोनीने या लहरींवर संदेश पाठवले आणि कोलकात्यात जगदीशचंद्र बोस यांनी त्याहून कितीतरी छोट्या, मिलिमीटरच्या लहरी तयार करून दाखवल्या.

१९३० मध्ये आंतरराष्ट्रीय संस्थेने वारंवारतेच्या एककाला हर्ट्झचं नाव दिलं. पण काही वर्षांतच जर्मनीत नाझी सत्ता आली. हर्ट्झच्या वडिलांचं घराणं मूळचं ज्यू. ते आधीच ख्रिस्ती झालेलं होतं, पण नाझींना त्याने फरक पडत नव्हता. जीवशास्त्रज्ञ झालेल्या मथिल्डेचा शिकवण्याचा अधिकार काढून घेतला गेला. एलिझाबेथ आणि दोन्ही मुलींना देश सोडून इंग्लंडला जावं लागलं. ज्या माणसाचं नाव जगभरच्या रेडिओवर होतं, त्याच्या बायकामुलांना त्याच्याच देशात जागा उरली नाही.

नाव मात्र पुसता आलं नाही. ते आज तुमच्या राऊटरवर आहे. पुढच्या वेळी मीटिंग गोठली की राऊटरला चापट मारण्याआधी अँटेना चार बोटं सरकवून बघा.